पगारी माणूस की उक्ते काम? कोकणातल्या लहान उद्योजकाने कसे ठरवावे

एप्रिल महिन्यात सकाळी नऊ वाजता आमच्या काजूच्या कारखान्याच्या अंगणात उभे राहिले, तर पाच प्रकारची माणसे एकाच वेळी कामाला लागलेली दिसतात. पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिला पुढ्यात ताटे घेऊन सुरीच्या टोकाने काजूगरांवरचा पापुद्रा काढत बसलेल्या असतात आणि त्यांना किलोवर मजुरी मिळते. बाहेर मुकादमाने आणलेले चार हमाल टेम्पोतून काजूबियांची पोती उतरवत असतात. त्यांचे पैसे पोत्यामागे मुकादमाच्या हाती दिले जातात. टेम्पोवाल्याचे भाडे फेरीवर ठरलेले असते. ड्रायरचा पंखा बंद पडला की तंत्रज्ञ येतो, दुरुस्ती करतो आणि बिल देऊन जातो. हिशेब लिहिणारे गृहस्थ शनिवारी येतात आणि महिन्याला ठरलेली रक्कम घेतात. बोलताना आम्ही या सगळ्यांना ‘आमची माणसे’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतले काही आमचे कामगार आहेत, काही दुसऱ्याचे कामगार आहेत आणि काही स्वतःच स्वतःचे मालक आहेत.

हा फरक कसा ओळखावा, कोणत्या कामासाठी माणूस पगारावर ठेवावा, कोणते काम उक्ते द्यावे आणि दोन्ही बाबतींत कागद कसा करावा, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. आंबा, काजू, कोकम, घरगुती निवास, खानावळ, फर्निचर, शिलाई असे पाच-पंचवीस माणसांचे व्यवसाय चालवणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. मच्छीमार नौकेवरील तांडेल आणि खलाशी यांची वाट्याची पद्धत हा स्वतंत्र विषय असल्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

नावाआधी काम पाहावे

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज असा, की मजुरी नगावर किंवा किलोवर दिली म्हणजे माणूस आपला कामगार राहत नाही. हा समज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्येच खोडून काढलेला आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य या खटल्यात मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांचा प्रश्न होता. प्रत्येकाला हंगामापुरते वाफे नेमून दिलेले असत, तयार मिठावर मणामागे दर मिळे, कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता आणि मदतीला घरची वा बाहेरची माणसे घेण्याची मुभाही होती. पेण-उरणकडची मिठागरे पाहिलेल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. कंपनीचे म्हणणे होते, की हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. परंतु मिठाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख आणि नियंत्रण असल्यामुळे, आणि अगरिया स्वतः हात लावून काम करत असल्यामुळे, ते कामगारच ठरले.

पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांबाबतही असाच निर्णय झाला. तेथे यंत्रे दुकानाची होती आणि नीट न शिवलेला कपडा नाकारून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार दुकानदाराचा होता, या दोन गोष्टींना न्यायालयाने मोठे वजन दिले. १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात तर दोर वळणाऱ्या कारखान्यातील मजूर मध्यस्थ ठेकेदारांमार्फत घेतलेले होते, तरी मजुरांची रोजीरोटी प्रत्यक्षात ज्याच्या हातात आहे तोच मालक, असे न्यायालयाने म्हटले. मध्ये एक मुकादम उभा केला म्हणजे आपण मोकळे झालो, असे मानणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

म्हणून कागदावर ‘ठेकेदार’ लिहिण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कामाची वेळ आणि पद्धत कोण ठरवतो? यंत्रे, हत्यारे आणि जागा कोणाची आहे? आज त्या माणसाला यायला जमले नाही, तर आपल्याला न विचारता तो दुसऱ्याला पाठवू शकतो का? तो आणखी चार ठिकाणी काम करतो, की त्याचे घर आपल्यावरच चालते? काम बिघडले तर नुकसान कोण सोसतो? त्याला कामावर घेणे, काढणे, रागावणे, रजा देणे हे कोणाच्या हातात आहे? आणि त्याचे काम हा आपल्या धंद्याचा गाभा आहे, की धंद्याला अधूनमधून लागणारी बाहेरची मदत आहे? एकाच उत्तरावर निकाल लागत नाही. सगळी उत्तरे एकत्र ठेवून कोणत्या बाजूला झुकते माप पडते ते पाहावे लागते, आणि न्यायालयेही तसेच करतात.

आमच्या अंगणापुरते हे प्रश्न लावून पाहू. तंत्रज्ञाकडे स्वतःची अवजारे आहेत, तो तालुकाभर फिरतो, त्याच्या कामाची पद्धत मला कळतसुद्धा नाही; तो निःसंशय स्वतंत्र व्यावसायिक आहे. हिशेबनीस दहा-बारा दुकानांचे काम पाहतात आणि त्यांना जमले नाही तर साहाय्यकाला पाठवतात, तेव्हा तेही स्वतंत्र आहेत. टेम्पो ज्याचा, चालक तोच आणि इतरांची भाडीही तो घेतो, म्हणून तोही तसाच. पापुद्रा काढणाऱ्या महिलांची गोष्ट वेगळी आहे. शेड माझी, ताटे आणि सुऱ्या माझ्या, काजूगर माझे, कामाची वेळ मी सांगितलेली, आणि तुकडा जास्त पडला तर ‘जरा हलक्या हाताने’ असे सांगणारीही मीच. त्यांना किलोवर पैसे मिळतात ही फक्त मजुरी मोजण्याची रीत झाली. त्या माझ्या कामगार आहेत. हमालांकडे मी शेवटी येईन, कारण तो धडा मी पैसे मोजून शिकले आहे.

खानावळ आणि घरगुती निवासाच्या व्यवसायात हा फरक फार बारीक होतो. समजा, तारकर्लीला तुमच्या चार खोल्या आहेत आणि गावातल्या एक काकू पाहुण्यांचे जेवण करतात. त्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या सामानात थाळ्या रांधत असतील, थाळीचा दर त्यांनी ठरवलेला असेल, शेजारच्या दोन निवासांनाही त्या डबे देत असतील आणि सुरमई महागली तर दर वाढवून मागत असतील, तर तो त्यांचा व्यवसाय आहे आणि तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक आहात. त्याच काकू सकाळी सात वाजता तुमच्या स्वयंपाकघरात येत असतील, बाजार तुम्ही आणत असाल, आज सोलकढी आणि तिसऱ्यांचे सुके करा असे तुम्ही सांगत असाल आणि रात्री भांडी आवरेपर्यंत त्या थांबत असतील, तर थाळीमागे पैसे दिले तरी त्या तुमच्या नोकरीत आहेत. हात तेच, चव तीच, पण नाते वेगळे.

भीती आणि खरा खर्च

पगारी माणूस ठेवायला लहान उद्योजक घाबरतो, त्याचे कारण बहुधा ‘पीएफ लागेल’ हे असते. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी सहा-सात माणसे असताना या भीतीपोटी सगळ्यांना ठेकेदार दाखवले आहे. वास्तविक भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून लागू होतो. बोनसची मर्यादाही २० आहे. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा १० माणसांपासून लागतो, आणि कारखान्यांसाठी कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, मर्यादाही १० आहे. म्हणजे आठ माणसांच्या उद्योगाला यांतले काहीच सक्तीचे नसते. त्याला किमान वेतन, वेळेवर पगार, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट दर, व्यवसाय कर आणि अपघाताची जबाबदारी एवढेच सांभाळावे लागते, आणि यांतल्या बहुतेक गोष्टी चांगला मालक कायद्याशिवायही सांभाळतोच.

उलट ज्याची माणसे खरोखर २० च्या वर आहेत, त्याने अर्धी माणसे मुकादमाच्या नावावर टाकून काही साधत नाही, कारण भविष्य निर्वाह निधीसाठी ठेकेदारामार्फत घेतलेली माणसेही मोजणीत धरली जातात.

सगळे लागू झाल्यास बोजा किती पडतो, तेही एकदा मांडून पाहावे. महिना १५,००० रुपये वेतन धरले, तर भविष्य निर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, आणि त्याबरोबरचा विमा व प्रशासकीय शुल्क मिळून साधारण एक टक्का, १५० रुपये. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला एक पगार. महिन्याला १,२५० रुपये बाजूला काढले की तो भागतो, आणि बोनसच्या हिशेबाला वेतनाची कमाल मर्यादा असल्यामुळे प्रत्यक्षात तो याहून कमीही भरू शकतो. उपदान वर्षामागे १५ दिवसांचे, महिन्याला २६ दिवस धरून, म्हणजे महिन्याचे ७२१ रुपये. बेरीज सुमारे ४,४०० रुपये होते. वेतनावर तीस टक्क्यांच्या आसपास. ही रक्कम लहान नाही, हे मान्य. परंतु उक्ते काम घेणारा कसबी माणूस रिकाम्या दिवसांचा, हत्यारांच्या झिजेचा आणि स्वतःच्या आजारपणाचा खर्च दरातच धरतो, आणि तो जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्याच्या बिलावर कर चढतो. वर्षभर रोज लागणाऱ्या कामाला उक्ता दर क्वचितच स्वस्त पडतो. वर्षातून आठ-दहा वेळा लागणाऱ्या कामाला मात्र पगारी माणूस कधीच परवडत नाही. माझ्या मते खर्चाचा खरा निकष हाच आहे. निधी चुकवणे हा निकषच असू शकत नाही.

हंगामाचा प्रश्न आणि मुदतीची नेमणूक

कोकणात बहुतेक धंदे बारमाही नाहीत. हापूसचा जोर मार्च ते मे, काजूबी त्याच सुमाराची, आमसुले पावसाआधी वाळवून घ्यायची, आणि पर्यटक दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. जूनमध्ये पाऊस उतरला की निम्मी शेड रिकामी होते. म्हणूनच ‘वर्षभर पोसता येत नाही, तर ठेकेदारच दाखवू’ असा विचार मालकाच्या मनात येतो. याला सरळ आणि कायदेशीर उत्तर आहे, ते म्हणजे ठरावीक मुदतीची नेमणूक.

नेमणूकपत्रात कामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही तारखा लिहाव्यात, उदाहरणार्थ १ मार्च ते ३१ मे. त्या मुदतीत त्या माणसाला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकेच वेतन, तेवढेच कामाचे तास आणि त्याच सवलती द्याव्यात. मुदत संपली की नोकरी आपोआप संपते आणि ती कामगार कपात धरली जात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत या नेमणुकीला स्पष्ट स्थान आहे. अशा कामगाराला उपदानासाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्ष भरले की त्या प्रमाणात हक्क सुरू होतो. हंगामी आस्थापनेत केवळ हंगामापुरते काम करणाऱ्यांसाठी हंगामामागे सात दिवसांचे वेतन असा उपदानाचा वेगळा हिशेब आहे.

येथे एक जुनी भीती दूर केली पाहिजे. ‘२४० दिवस भरले की माणूस कायम होतो’ असे म्हणत अनेक मालक दोनशे तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी माणसाला घरी पाठवतात आणि आठवड्याने पुन्हा बोलावतात. लहान उद्योगात बारा महिन्यांत २४० दिवस काम झाल्याचा मुख्य परिणाम इतकाच, की त्यानंतर त्या माणसाला कमी करायचे असेल तर एक महिन्याची सूचना किंवा त्याचे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. एवढ्यासाठी शिकवून तयार केलेल्या हाताला आठवडाभर घरी बसवणे मला कधीच पटले नाही. अखंड काजूगर आणि तुकडा यांच्या भावात जो फरक आहे, तो पाहिला तर सवयीचा हात किती मोलाचा असतो ते कळते.

हंगामाच्या आधी दिली जाणारी उचल हा आणखी नाजूक भाग आहे. बागांच्या राखणीला आणि हंगामी कामांना नेपाळहून किंवा घाटावरून येणाऱ्या माणसांना आगाऊ रक्कम देण्याची रीत आहे, आणि ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. गणपतीत किंवा शिमग्याला घरी जाणाऱ्या माणसाला पैशाची गरज असतेच. परंतु उचल किती दिली, दर पगारातून किती वळती होणार आणि बाकी किती राहिली, हे त्याच्यासमोर लिहून त्याची सही घ्यावी. उचल फिटेपर्यंत कागदपत्रे ठेवून घेणे किंवा काम सोडू न देणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. काम सोडून गेलेल्या माणसाकडून पैसे मागता येतात. त्याला अडकवून ठेवता येत नाही.

पगारी माणसाचा कागद

एका पानाचे नेमणूकपत्र पुरते, आणि नव्या संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला देणे आता बंधनकारक आहे. त्यात नाव, कामाचे स्वरूप, रुजू होण्याची तारीख, वेतन कसे मोजणार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पगाराची तारीख आणि सूचनेचा कालावधी असावा. पत्र मराठीत लिहावे. किलोवर मजुरी असेल तर दर लिहावा आणि पुढे हेही लिहावे, की दिवसभर काम करून किलोचा हिशेब किमान वेतनापेक्षा कमी भरला, तर फरक मालक देईल. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला पहिले तीन आठवडे हा फरक द्यावाच लागतो, कारण हात बसायला तेवढा वेळ जातो. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. तो तेव्हाच तपासून हजेरीवहीच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवावा.

महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि शक्यतो बँकेतून द्यावा. माणूस काम सोडून गेला किंवा त्याला काढले, तर सगळा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करण्याचे बंधन आता आहे, म्हणून ‘महिनाअखेरीस या’ असे सांगू नये. व्यवसाय कर पगारातून कापून भरावा. दहा हजारांवर वेतन असलेल्या पुरुष कामगाराचा तो महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, तर महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत १ एप्रिल २०२३ पासून माफी आहे. हे न कळल्यामुळे महिलांचे दोनशे रुपये कापणारी दुकाने मी पाहिली आहेत. स्वतः व्यवसाय करणारा माणूस मात्र स्वतःची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये आपला आपण भरतो.

दहा किंवा अधिक माणसे असतील, तर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि या मोजणीत रोजंदारीवरील व ठेकेदाराकडील माणसेही येतात.

उक्त्या कामाचा कागद

जे काम खरोखर स्वतंत्र माणसाला द्यायचे आहे, त्याचा करारही स्वतंत्र माणसाला शोभेल असा असावा. करारात काम आणि त्याचा परिणाम लिहावा: किती खोल्यांचे रंगकाम, किती पेट्या मुंबईला पोचवणे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या दर्जाचे. हत्यारे आणि साहित्य कोणाचे, रक्कम किती टप्प्यांत, काम बिघडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि मदतनिसांची मजुरी व विमा कोणाकडे, हे स्पष्ट असावे. ‘रोज नऊ ते सहा हजर राहावे’, ‘मालक सांगेल ते काम करावे’, ‘दुसरीकडे काम करू नये’ अशी वाक्ये करारात आली, की तो करार आपल्याच विरुद्ध पुरावा होतो. आणि ती वाक्ये कागदावर न लिहिता प्रत्यक्षात तसेच वागवले, तरी फरक पडत नाही.

प्रत्येक रकमेसाठी त्याच्याकडून बिल घ्यावे आणि पॅन क्रमांक आधीच मागून ठेवावा. ठेकेदाराला एका वेळी ३०,००० रुपयांपेक्षा किंवा वर्षात एकूण १,००,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम दिली, तर उगमस्थानी करकपात (टीडीएस) करावी लागते. घेणारी व्यक्ती असेल तर एक टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. पॅन नसेल तर हाच दर वीस टक्क्यांवर जातो. सनदी लेखापाल, वकील, अभियंता अशा व्यावसायिकांच्या शुल्कावर दहा टक्के असून त्याची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० रुपये आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ही कपात तेव्हाच लागू होते, जेव्हा आधीच्या वर्षी त्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेलेली असते. भागीदारी संस्थेला अशी सूट नाही. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायची, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा जुना क्रमांक पाठ करण्यापेक्षा दर आणि मर्यादा लक्षात ठेवणे बरे.

ठेकेदाराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. या मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम त्या वर्षी आपल्या खर्चात धरता येत नाही. लहान माणसाचे पैसे थकवणाऱ्यांसाठी हा नियम आला आणि तो योग्यच आहे. ‘आंबा विकला की देतो’ या आश्वासनावर आपल्याकडे किती सुतार-गवंडी पावसाळा काढतात, हे आपण सगळेच जाणतो.

अपघात झाला तर

काही वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याकडे पोती उतरवताना थप्पी घसरली आणि एका हमालाचा पाय खाली सापडला. तो मुकादमाचा माणूस होता. त्याचे नावही मला त्या दिवशी, रुग्णालयात अर्ज भरताना पहिल्यांदा कळले, आणि याची खंत मला आजही आहे. मुकादम संध्याकाळी आला, दोन हजार रुपये ठेवून गेला आणि नंतर फोन उचलेना. माझे पहिले म्हणणे असेच होते, की माणूस त्याचा, जबाबदारीही त्याचीच.

कायदा तसे म्हणत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात कलम १२ होते आणि त्याचे तत्त्व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले आहे: आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेताना त्याचा माणूस जखमी झाला, तर भरपाई मुख्य मालकाला द्यावी लागते आणि मग ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. काजूच्या कारखान्यात पोती उतरवणे हा धंद्याचाच भाग आहे. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च, आणि काम बंद असलेल्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम, असा हिशेब होतो. ते सगळे आम्ही दिले. मुकादमाकडून काही वसूल झाले नाही, कारण त्याच्याशी एका ओळीचाही करार नव्हता.

त्याचा पाय बरा झाला. याहून वाईट घडले असते, तर काय झाले असते? मृत्यूच्या भरपाईचे सूत्र असे आहे: मासिक वेतनाचे पन्नास टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८४.१७ आहे; जुन्या कायद्याच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेने ही रक्कम १३,८१,२७५ रुपये होते. आमच्यासारख्या उद्योगाचे ते सगळे भांडवल असते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते आणि प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगते. पहिली, कामगार भरपाईची विमा पॉलिसी, आणि तिच्यात ठेकेदाराची माणसे समाविष्ट आहेत हे शब्दशः लिहून घेणे. हप्ता वेतनाच्या रकमेवर ठरतो आणि लहान उद्योगाला तो झेपतो. दुसरी, मुकादमाबरोबर लेखी करार, ज्यात त्याच्या प्रत्येक माणसाचे नाव, वय आणि घरच्यांचा संपर्क असतो, व भरपाई द्यावी लागली तर ती त्याच्या बिलातून वळती होईल असे कलम असते. तिसरी, मुकादमाचे बिल देताना मागच्या वेळच्या मजुरीच्या वाटपाचा सह्यांचा कागद पाहणे, कारण त्याने मजुरी बुडवली तर तीही शेवटी आपल्याकडेच मागितली जाते.

आधी चूक झाली असेल तर

वर्षानुवर्षे ठेकेदार म्हणून दाखवलेला माणूस खरे तर कामगार आहे, असे हे वाचताना लक्षात आले असेल, तर मागच्या तारखांची पत्रे तयार करू नयेत. पुढच्या एक तारखेपासून नेमणूकपत्र द्यावे आणि त्यात तो प्रत्यक्षात कधीपासून काम करतो ती खरी तारीख लिहावी. ती तारीख लपवली, तर उपदानाच्या वेळी जुनी बिले आणि बँकेच्या नोंदी ती उघड करतातच. निधी लागू होण्याइतकी माणसे आधीपासून असतील, तर मागील थकबाकीचा हिशेब सनदी लेखापालाकडून करून घेऊन स्वतःहून भरावा, कारण चौकशी सुरू झाल्यावर व्याज आणि दंड दोन्ही चढतात.

त्या माणसाशी आधी बोलावे. कपात होऊन हातात येणारी रक्कम कमी झाली, तर ती कुठे जाते आणि परत कधी मिळते हे पासबुक उघडून दाखवावे. आमच्याकडच्या आठ जणींना पत्रे दिली, तेव्हा सर्वांत वयस्कर असलेल्या बाईंनी ते घडी करून पदराच्या टोकाला बांधले आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारले, की यात रुजू झाल्याची तारीख जूनची लिहिली आहे, पण मी तर त्या वर्षी शिमग्यानंतर लगेच आले होते. जुनी हजेरीवही काढून पाहिली. त्यांचेच बरोबर होते. पत्र बदलून दिले.